एसरॅम सेलची गळती: स्लीप ट्रान्झिस्टर लावला, मग डेटा का गेला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ६ ट्रान्झिस्टरांचा एसरॅम सेल (मेमरीत एक बिट साठवणारं सर्किट) ६५ नॅनोमीटरच्या मॉडेलवर काढला, ग्राउंडच्या वाटेत, वापर नसताना ती वाट तोडणारा एक स्लीप ट्रान्झिस्टर बसवला आणि लीकेज पॉवर ९० टक्क्यांनी खाली आली. पण स्लीपमधून बाहेर आल्यावर डेटा कधी बरोबर वाचला जातो, कधी उलटा. गळतीही कमी हवी आणि डेटाही टिकायला हवा, तर सर्किटमध्ये काय बदलायचं?

आधी त्या ९० टक्क्यांबद्दल. आकडा खरा असेल, पण तो कशाचा आहे ते बघा. खालचा ट्रान्झिस्टर, म्हणजे फूटर, पूर्ण बंद केला की व्हर्च्युअल ग्राउंड (सेल आणि फूटर यांच्यामधली रेल) वर चढत जातं आणि सेलला मिळणारं व्होल्टेजच संपतं. रिकाम्या भांड्यातून पाणी गळत नाही, यात भांड्याचं कौतुक नाही. लॉजिक ब्लॉकमध्ये हे चालतं, कारण तिथे जपायची स्थिती फ्लिप-फ्लॉपमध्ये वेगळी ठेवता येते. मेमरीत जपायची वस्तू सेलच्या आतच आहे. त्यामुळे गळती किती खाली न्यायची, हे शेवटी अ‍ॅरेमधला, म्हणजे सेलच्या जाळ्यातला, सगळ्यात दुबळा सेल ठरवतो. पुढचं सगळं उत्तर याच्याभोवती फिरतं.

आता गळतं कुठून ते पाहू. सेल म्हणजे एकमेकांना जोडलेले दोन इन्व्हर्टर. तो होल्डमध्ये आहे, म्हणजे नुसता डेटा धरून आहे, वर्डलाइन (सेल निवडणारी तार) शून्यावर आहे, दोन्ही बिटलाइन (डेटा आत-बाहेर नेणाऱ्या तारा) व्हीडीडीला, म्हणजे पूर्ण सप्लायला, प्रीचार्ज (आधीच चार्ज केलेल्या) आहेत. समजा डाव्या नोडवर १ आणि उजव्यावर ० आहे. बंद असूनही करंट सोडणारे ट्रान्झिस्टर तीन: डावीकडचा पुल-डाउन (नोड ग्राउंडकडे ओढणारा) एनमॉस, उजवीकडचा पुल-अप (नोड सप्लायकडे ओढणारा) पीमॉस, आणि उजवीकडचा, सेल बिटलाइनला जोडणारा अ‍ॅक्सेस ट्रान्झिस्टर, ज्याच्या एका टोकाला बिटलाइनचं पूर्ण व्होल्टेज आणि दुसऱ्या टोकाला शून्य आहे. डावीकडच्या अ‍ॅक्सेस ट्रान्झिस्टरच्या दोन्ही टोकांना व्हीडीडीच आहे, म्हणून त्यातून सबथ्रेशोल्ड करंट (ट्रान्झिस्टर बंद असूनही झिरपणारा) जात नाही. म्हणजे तीनपैकी दोन वाटा सेलच्या सप्लायमधून निघतात आणि तिसरी बिटलाइनमधून. ही तिसरी वाट लक्षात ठेवा, पुढे तिच्यापाशी परत यायचं आहे.

सबथ्रेशोल्ड करंट थ्रेशोल्ड व्होल्टेजशी, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू होण्याच्या उंबरठ्याशी, घातांकी नात्याने बांधलेला असतो. गेट व्होल्टेज किती मिलिव्होल्टने उतरवलं की करंट दहापट कमी होतो, त्याला सबथ्रेशोल्ड स्विंग म्हणतात. खोलीच्या तापमानाला त्याची सैद्धांतिक किमान मर्यादा सुमारे ६० मिलिव्होल्ट आहे. बल्क प्लेनर ट्रान्झिस्टरमध्ये तो साधारण ८० ते १०० असतो. १०० अंश सेल्सिअसला ती मर्यादाच ७४ वर जाते, वर थ्रेशोल्डही घसरतो. गरम चिप थंड चिपपेक्षा कित्येक पटींनी गळते ती यामुळे. याशिवाय ड्रेनचं व्होल्टेज वाढलं की थ्रेशोल्ड खाली ओढला जातो, ज्याला डिबल म्हणतात. सप्लाय उतरवल्यावर गळती नुसती त्या प्रमाणात न उतरता बरीच जास्त उतरते, त्याचं श्रेय डिबलला.

गेट ऑक्साइडमधून टनेल होणारा करंट हा वेगळा प्रकार. ९० आणि ६५ नॅनोमीटरच्या काळात ऑक्साइडची जाडी १.२ नॅनोमीटरपर्यंत आली होती आणि तेव्हा हा करंट खरोखर डोकेदुखी होता. २००७ मध्ये इंटेलने ४५ नॅनोमीटरला हाफनियमवर आधारित हाय-के डायइलेक्ट्रिक (जाड ठेवूनही चालणारा इन्सुलेटर) आणलं ते मुख्यतः याच कारणासाठी. तुमचं मॉडेल ६५ चं असेल तर चालू असलेल्या एनमॉसचा, म्हणजे उजवीकडच्या पुल-डाउनचा, गेट करंट तपासा. बंद ट्रान्झिस्टरांकडे बघत बसलं की हा चालू असलेला निसटतो. तिसरा प्रकार म्हणजे ड्रेनच्या कडेला तीव्र विद्युतक्षेत्रामुळे होणारा गिडल आणि जंक्शनचा करंट. एरवी तो नगण्य असतो. पण थ्रेशोल्ड भरपूर वाढवून सबथ्रेशोल्ड दाबला, की खोलीच्या तापमानाला हाच तळाशी उरतो, आणि मग थ्रेशोल्ड आणखी वाढवून काही हाती लागत नाही. तिथे व्होल्टेजच उतरवावं लागतं.

उपायांकडे जाण्याआधी सिम्युलेशनबद्दल दोन शब्द, कारण मला वाटतं तुमची निम्मी गडबड तिथेच आहे. सेलच्या एका नोडची कपॅसिटन्स साधारण १ फेमटोफॅरड धरा आणि गळती १० पिकोअँपिअर. नोड मायक्रोसेकंदाला १० मिलिव्होल्ट सरकेल. तुम्ही १०० नॅनोसेकंदांचा ट्रान्झिएंट (काळानुसार बदल दाखवणारं सिम्युलेशन) चालवला तर नोड १ मिलिव्होल्ट हलेल आणि तुम्ही म्हणाल, डेटा टिकला. तो टिकलेला नाही, त्याला जायला वेळ मिळालेला नाही. "कधी बरोबर, कधी उलटा" हे लक्षण मला तरी इथलंच वाटतं: स्लीपचा काळ कमी होता तेव्हा नोडवरच्या चार्जने वाचवलं, वाढला तेव्हा नाही. टिकतो की नाही हे डीसीवर, म्हणजे सगळं स्थिरावल्यावर, बघा. दोन इन्व्हर्टरांची फुलपाखरासारखी आकृती काढा आणि स्लीपच्या व्होल्टेजला तिचे दोन्ही पंख उघडे राहतात का ते तपासा.

दुसरी गोष्ट, स्पाइस या सर्किट सिम्युलेटरमध्ये जीमिन नावाचा एक छोटा कंडक्टन्स असतो, गणित जुळून यावं म्हणून प्रत्येक जंक्शनला समांतर जोडलेला. त्याची नेहमीची किंमत १ पिकोसीमेन्स. एका व्होल्टला तो १ पिकोअँपिअर देतो. तुमच्या सेलची गळतीच काही पिकोअँपिअर असेल, तर तुम्ही ट्रान्झिस्टर मोजताय की जीमिन, हा प्रश्न विचारायला हवा. हजारपटीने खाली आणून पुन्हा मोजा. आकडा बदलला तर आधीचा आकडा सोडून द्या. आणि बिटलाइनला वेगळा आदर्श सोर्स जोडला असेल, तर त्याची पॉवरही बेरजेत घ्या. फक्त व्हीडीडीच्या सोर्सचा करंट मोजून तिसरी वाट विसरलेले अहवाल मी इतके पाहिले आहेत, की आता आधी तेच पान उघडतो.

तिसरी चूक जास्त फसवी आहे. एका सेलला एक फूटर लावून केलेलं सिम्युलेशन अ‍ॅरेबद्दल फार काही सांगत नाही. व्हर्च्युअल ग्राउंड कुठे स्थिरावतं हे सेलची एकूण गळती आणि बंद फूटरची गळती यांच्या गुणोत्तरावर ठरतं. एका सेलखाली जवळपास तेवढ्याच आकाराचा फूटर असेल तर रेल मधेच कुठेतरी थांबते आणि स्टॅक इफेक्टमुळे (एकामागे एक दोन बंद ट्रान्झिस्टर असले की गळती दबते) गळती छान कमी दिसते. प्रत्यक्षात एका फूटरवर हजारो सेल टांगलेले असतात. त्यांची एकत्रित गळती बंद फूटरच्या कितीतरी पट असते, म्हणून रेल थेट व्हीडीडीच्या जवळ जाऊन बसते.

म्हणून फूटर नुसता बंद न करता रेल एका ठरावीक उंचीवर अडवायची. सोपा मार्ग म्हणजे फूटरला समांतर एक डायोडसारखा जोडलेला ट्रान्झिस्टर, क्लॅम्प म्हणून. स्लीपमध्ये फूटर बंद होतो, गळतीचा करंट क्लॅम्पमधून जातो आणि व्हर्च्युअल ग्राउंड, समजा, ०.३ व्होल्टवर थांबतं. जागं करताना फूटर चालू केला की रेल शून्यावर. या कल्पनेची सुधारित रूपं मोठ्या चिपमध्ये बराच काळ वापरात आहेत. इंटेलने ६५ नॅनोमीटरच्या ७० मेगाबिट एसरॅममध्ये असेच डायनॅमिक स्लीप ट्रान्झिस्टर वापरले होते. क्लॅम्पचा ड्रॉप मात्र प्रोसेस आणि तापमानाबरोबर हलतो. म्हणून उत्पादनात जाणाऱ्या डिझाइनमध्ये क्लॅम्पची ताकद तीन-चार बिटांनी बदलता येईल अशी ठेवतात आणि चाचणीच्या वेळी चिपनुसार लावतात.

वरून व्हीडीडी उतरवायचं की खालून ग्राउंड उचलायचं? दोन्हींत सेलला मिळणारा फरक सारखाच, पण परिणाम सारखा नाही, आणि माझा कल स्पष्टपणे ग्राउंड उचलण्याकडे आहे. ग्राउंड ०.३ व्होल्टवर गेलं की शून्य साठवलेला नोडही ०.३ वर जातो. अ‍ॅक्सेस ट्रान्झिस्टरचा गेट शून्यावर आणि सोर्स ०.३ वर, म्हणजे गेट-सोर्स व्होल्टेज उणे ०.३. स्विंग १०० मिलिव्होल्ट धरला तर नुसत्या या एका कारणाने त्याचा सबथ्रेशोल्ड करंट हजारपटीने उतरायला हवा. शिवाय एनमॉसची बॉडी (त्याच्या खालचं सिलिकॉन) शून्यावरच असल्याने बॉडी इफेक्टने थ्रेशोल्ड वाढतो तो वेगळाच. प्रत्यक्षात गिडल आणि जंक्शनचा करंट मधे येतो आणि एवढं सगळं पदरात पडत नाही, पण बिटलाइनची वाट जवळपास बंद होते.

याउलट व्हीडीडी उतरवलं आणि बिटलाइन पूर्ण व्होल्टेजला प्रीचार्जच ठेवल्या, तर अ‍ॅक्सेस ट्रान्झिस्टरला काही कळतच नाही. त्याचा गेट शून्य, सोर्स शून्य, ड्रेन पूर्ण व्होल्टेजला. तो पूर्वीइतकाच गळतो. हा धडा मी स्वतः चिप परत आल्यावर शिकलो. रिटेन्शनमध्ये, म्हणजे डेटा धरून झोपेत असताना, अ‍ॅरेचा करंट एक-पंचमांश होईल असा आमचा हिशेब होता, टेबलावर मोजला तर जेमतेम निम्मा झाला. दोन दिवस मीटरवर संशय घेतला. शेवटी कळलं, की प्रीचार्जचे पीमॉस रिटेन्शनमध्येही चालू राहत होते.

त्यावर उपाय सोपा: बँक (मेमरीचा एक भाग) निष्क्रिय असताना प्रीचार्ज बंद करा आणि बिटलाइन तरंगू द्या, म्हणजे कुठल्याही सप्लायला न जोडता सोडा. त्या कॉलममधल्या डेटानुसार मधल्या कुठल्यातरी पातळीला स्थिरावतात. किंमत एवढीच, की जागं होताना शेकडो बिटलाइन एकदम प्रीचार्ज होतात आणि सप्लायवर मोठा झटका बसतो. प्रीचार्जचे गट करून थोड्या थोड्या अंतराने चालू करा.

आता त्या दुबळ्या सेलकडे. डेटा टिकायला लागणाऱ्या किमान व्होल्टेजला रिटेन्शन व्होल्टेज म्हणतात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ०.१३ मायक्रॉनच्या ४ किलोबाइट एसरॅम चिपवर मोजमाप करून दाखवलं होतं, की ३०० मिलिव्होल्टच्या खालीही डेटा टिकतो आणि ९० टक्क्यांहून जास्त लीकेज पॉवर वाचते. तुमचा ९० टक्क्यांचा आकडा म्हणजे अशक्य कोटीतलं काही नाही. तो डेटासकट मिळवता येतो. पण तो अ‍ॅरे ४ किलोबाइटचा होता. सेलची संख्या वाढते तसा वितरणाचा शेपटीकडचा भाग पुढे येतो. १ मेगाबिटमधला सर्वात वाईट सेल सरासरीपासून सुमारे पावणेपाच सिग्मा (सिग्मा म्हणजे विखुरलेपणाचं माप) दूर असतो, आणि अनेक चिप विकायच्या असतील तर सहा सिग्मांचा विचार करावा लागतो. सेलचे ट्रान्झिस्टर चिपवरचे सगळ्यात लहान, आणि थ्रेशोल्डचा विखुरलेपणा क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणून हा त्रास मेमरीलाच सर्वांत जास्त.

सरासरी सेलची फुलपाखराची आकृती ०.२ व्होल्टला सुंदर दिसते, म्हणून कुणी सेलला मिळणारं व्होल्टेज ०.२५ वर आणू नये. माँटे कार्लो (ट्रान्झिस्टरांत यादृच्छिक फरक घालून पुन्हा पुन्हा सिम्युलेशन) करा, आणि तेही तिरक्या कॉर्नरवर, म्हणजे प्रोसेसच्या टोकाच्या स्थितीत: एनमॉस वेगवान, पीमॉस मंद. तिथे १ धरून ठेवणारा पीमॉस अशक्त आणि त्याला खाली ओढणारा एनमॉस गळका, अशी जोडी जमते. गरम तापमानाला बघा. वयानुसार पीमॉसचा थ्रेशोल्ड वाढत जातो, त्यासाठी वेगळी सूट ठेवा. मी या सगळ्यावर आणखी ५० ते १०० मिलिव्होल्ट ठेवतो. रेलवर नॉइज, म्हणजे व्होल्टेजची थरथर, असते आणि कमी व्होल्टेजला किरणोत्सर्गी कणांमुळे बिट उलटण्याची शक्यताही वाढते. एरर करेक्शन असेल तर शेपटीचे एक-दोन सेल त्याच्यावर सोडता येतात, पण मग तेच करेक्शन कणांच्या चुकांसाठी उरत नाही, हे विसरायचं नाही.

हाच विखुरलेपणा गळतीच्या बेरजेतही डोकावतो. थ्रेशोल्ड दोन्ही बाजूंना सारखा पसरला तरी करंट घातांकी असल्याने गळक्या बाजूचे सेल बेरीज वर खेचतात. स्विंग ९० आणि थ्रेशोल्डचा सिग्मा ३० मिलिव्होल्ट धरला तर सरासरी गळती नाममात्र सेलच्या सुमारे १.३४ पट येते. सिग्मा ४० झाला तर जवळजवळ १.७ पट. नाममात्र सेलचा करंट घेऊन त्याला बिटांच्या संख्येने गुणणं म्हणजे स्वतःलाच सूट देणं.

सेलच्या आत काय करता येतं? थ्रेशोल्ड वाढवा, चॅनेल थोडा लांब करा. स्विंग १०० असेल तर थ्रेशोल्डमधले १०० मिलिव्होल्ट गळती दहापटीने उतरवतात. बदल्यात रीड करंट कमी होतो आणि मेमरी मंदावते. होल्डची स्थिरता सहसा सुधारते, राइट मात्र अवघड होऊ शकतं. अभ्यासासाठी हे सगळं करून बघा. उद्योगात सेल बहुधा फाउंड्रीकडून (चिप बनवणाऱ्या कारखान्याकडून) तयार येतो, त्याचा लेआउट नेहमीच्या नियमांपेक्षा घट्ट बसवलेला असतो आणि त्याला हात लावायची मुभा नसते. दाट, वेगवान की कमी गळतीचा, एवढी निवड तुमची. म्हणूनच मी सेलच्या भोवतालच्या गोष्टींवर इतका वेळ घालवतोय.

रिव्हर्स बॉडी बायस, म्हणजे बॉडीला उलट व्होल्टेज देऊन थ्रेशोल्ड वाढवणं, जुन्या बल्क प्रोसेसमध्ये उपयोगी होता. आकार घटत गेले तसा त्याचा परिणाम कमी झाला आणि जंक्शनची गळती वाढू लागली. फिनफेटमध्ये (उभ्या पात्यासारखा ट्रान्झिस्टर) तो जवळपास निरुपयोगी. फुली डिप्लीटेड एसओआयमध्ये (इन्सुलेटरवरच्या पातळ सिलिकॉनमधले ट्रान्झिस्टर) मात्र अजूनही कामाचा आहे. ८ ट्रान्झिस्टरांचा सेल घेतलात तर रीडसाठीचे जास्तीचे दोन ट्रान्झिस्टर ही आणखी एक गळकी वाट झाली, आणि तीही साठवलेल्या बिटवर अवलंबून: दोन्ही बंद असतील तर स्टॅकमुळे थोडी, एकच बंद असेल तर बरीच. कमी व्होल्टेजला वाचण्यासाठी तो सेल चांगला आहे, पण गळती कमी होईल म्हणून तो घेऊ नका.

पेरिफेरीकडे, म्हणजे अ‍ॅरेभोवतीच्या सर्किटकडे, बहुतेक विद्यार्थी बघत नाहीत. वर्डलाइन ड्रायव्हर, डीकोडर, राइट ड्रायव्हर हे सगळे रुंद आणि वेगासाठी कमी थ्रेशोल्डचे असतात. अ‍ॅरे नीट झोपवला की एकूण गळतीत त्यांचाच वाटा डोळ्यांत भरतो. त्यांच्यात जपायचा डेटा नसतो, म्हणून इथे मात्र तुमचा पूर्ण बंद होणारा स्लीप ट्रान्झिस्टर शोभतो. एकच पथ्य: ड्रायव्हरचा सप्लाय काढला की वर्डलाइन तरंगते. ती काही दशांश व्होल्टने जरी वर सरकली तरी अर्धवट झोपलेले सेल बिटलाइनला जोडले जातात आणि डेटा पुसला जातो. प्रत्येक वर्डलाइनवर तिला ग्राउंडला धरून ठेवणारा एक छोटा एनमॉस लावा, आणि त्याचा गेट कायम चालू राहणाऱ्या सप्लायवरून चालवा. तो बंद होणाऱ्या सप्लायवर जोडला गेल्याचं मी एका डिझाइन रिव्ह्यूमध्ये पाहिलं आहे. स्कीमॅटिकमध्ये नाव बरोबर होतं, पॉवर डोमेन चुकलं होतं.

किती वेळ झोपवल्यावर फायदा होतो, याचाही हिशेब करा. मानू या, व्हर्च्युअल ग्राउंडची कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड, चढ ०.३ व्होल्ट, सप्लाय ०.९ व्होल्ट. एका फेरीला रेलचे २७ पिकोज्यूल, फूटरच्या गेटचे साधारण ८, मिळून ३५. गळतीत ५ मायक्रोअँपिअर वाचत असतील तर ४.५ मायक्रोवॅट. म्हणजे ८ मायक्रोसेकंदांपेक्षा कमी झोप तोट्याची. चिप गरम होऊन गळती ५० पट झाली तर हीच मर्यादा ०.१६ मायक्रोसेकंदांवर येते. झोपवायचा नियम एकाच तापमानावर बेतला की दुसऱ्या टोकाला तो चुकतो.

तुमच्या सर्किटमध्ये मी पुढच्या पायरीला हे करेन: फूटरला समांतर क्लॅम्प, एका रेलखाली निदान २५६ सेलचा कॉलम, त्यात ० आणि १ दोन्ही भरलेले, प्रीचार्ज बंद, जीमिन खाली, २५ आणि १२५ अंशांना डीसी. मग रेल ५० मिलिव्होल्टच्या टप्प्यांनी उचलत जा आणि प्रत्येक टप्प्यावर गळतीबरोबर होल्ड मार्जिनही (फुलपाखराचे पंख किती उघडे आहेत ते) नोंदवा. जागं करताना रेल पूर्ण शून्यावर येण्याआधी वर्डलाइन उठू देऊ नका. रेल अजून वर असताना झालेलं वाचन सेललाच उलटवू शकतं, आणि मग दोष रिटेन्शनचा की जागं होण्याचा हे लवकर सापडत नाही. ते वेगळं काढायचं असेल तर वर्डलाइन मुद्दाम ५० नॅनोसेकंद उशिरा उठवून बघा. तरीही बिट उलटलेलाच निघाला, तर तो झोपेतच गेला होता.